परराज्यातला ई-मेमो आणि आपल्या गाडीचा विमा

गणपती, दिवाळी, मे महिना आणि लग्नसराई या चार मोसमांत आपल्या मंडळातली निम्मी कुटुंबं तरी बडोद्याहून गाडी काढून महाराष्ट्रात जातात. कुणी सापुताऱ्यावरून नाशिकला, कुणी तलासरी-मनोरमार्गे ठाणे-पुण्याला, तर कुणी थेट कोल्हापूर-सांगलीपर्यंत. परत आल्यावर आठ-दहा दिवसांनी मोबाईलवर संदेश येतो की अमुक ठिकाणी वेगमर्यादा ओलांडली, अमुक रुपये भरा. आपल्याकडे ज्याला ई-मेमो म्हणतात, त्यालाच महाराष्ट्रात ई-चलन म्हणतात. नाव वेगळं, वस्तू एकच.

अशा वेळी सभासदांचे प्रश्न ठरलेले असतात. गाडी गुजरातची, दंड महाराष्ट्राचा, मग भरलाच पाहिजे का? आता विम्याचा हप्ता वाढेल का? उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी हे चलन पुढे करून क्लेम नाकारेल का? माझी नोकरी बँकेत गेली. वाहनकर्जाच्या निमित्ताने विम्याचे कागद रोज हाताखालून जात, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. सगळ्यांना एकत्रच उत्तर द्यावं, यासाठी हा लेख.

थोडक्यात उत्तर असं : परराज्यात झालेल्या दंडामुळे आज तरी आपल्या विम्याचा हप्ता वाढत नाही आणि केवळ चलन थकलं म्हणून क्लेम बुडत नाही. पण ज्या कारणासाठी दंड झाला, त्यातली काही कारणं विमा मुळापासून पोखरतात. दंडाची रक्कम लहान असते, त्यामागचं कारण मोठं असू शकतं. हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

हप्ता कशावर ठरतो?

गाडीच्या पॉलिसीचे मुख्य भाग दोन. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा, मृत्यू किंवा नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा सक्तीचा आहे. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी. हा ऐच्छिक आहे. याखेरीज गाडीचा मालक स्वतः चालवत असेल, तर त्याचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो.

थर्ड पार्टीचा हप्ता कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या क्षमतेवर असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी मोटारीसाठी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या गाडीसाठी ७,८९७ रुपये वर्षाला, कर वेगळा. यात चालक कसा आहे, त्याला किती दंड झाले, याला जागाच नाही. आयुष्यात एकही सिग्नल न तोडलेल्या माणसाला आणि दर आठवड्याला तोडणाऱ्याला एकच दर.

ओन डॅमेजचा हप्ता गाडीची घोषित किंमत, तिचं वय, इंजिन आणि नोंदणीचं ठिकाण यांवर काढतात. ठिकाणासाठी देशाचे दोन विभाग केलेले आहेत. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, कोलकाता, मुंबई आणि पुणे ही आठ शहरं 'अ' विभागात आणि उरलेला सगळा देश 'ब' विभागात. आपलं बडोदं 'ब' मध्ये येतं. म्हणजे परराज्याचा हप्त्याशी संबंध आला, तर तो दंडामुळे नाही, गाडीची नोंदणीच पुण्याला किंवा मुंबईला हलवली तर येतो.

हप्ता खऱ्या अर्थाने वरखाली करणारी गोष्ट म्हणजे नो क्लेम बोनस. क्लेम न घेता पहिलं वर्ष गेलं की ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग अनुक्रमे २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. एक क्लेम घेतला की नूतनीकरणाला ही सूट शून्यावर येते. बँकेतल्या सवयीने हिशोब मांडतो. समजा सूट धरण्याआधीचा हप्ता १२,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात. म्हणजे तुम्ही ६,००० भरता. क्लेम घेतला तर पुढची पाच वर्षं अनुक्रमे १२,०००, ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६०० रुपये भरावे लागतील. दरवर्षीचा जादा भरणा मिळवला तर १५,००० रुपये होतात. मूळ हप्ता तोच राहिला असं धरून हा हिशोब आहे. तेव्हा बंपर घासला म्हणून पाच हजारांचा क्लेम टाकण्याआधी वही-पेन घेऊन बसावं. परगावी भाच्याला गाडी दिली आणि त्याने ती ठोकली, तरी बोनस तुमचाच जातो, कारण विमा गाडीचा असतो.

मग 'हप्ता वाढतो' हे आलं कुठून?

दोन ठिकाणांहून. एक म्हणजे अमेरिकेतल्या आपल्या मुला-मुलींकडून. तिथे विमा कंपन्या चालकाची वाहतूक खात्यातली नोंद पाहूनच हप्ता ठरवतात आणि बहुतेक राज्यं एकमेकांना दंडाची माहिती कळवतात. त्यामुळे न्यू जर्सीच्या मुलाला पेनसिल्व्हेनियात तिकीट मिळालं, तर घरचा हप्ता वाढण्याची भीती खरी असते. आपल्याकडे ती पद्धत अजून आलेली नाही.

दुसरं म्हणजे आपल्याकडेही तसा प्रस्ताव झालेला आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, एका कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. पॉलिसीत 'वाहतूक उल्लंघन हप्ता' असा आणखी एक भाग जोडावा, प्रत्येक गुन्ह्याला गुण द्यावेत आणि गुणांप्रमाणे जादा हप्ता घ्यावा, अशी त्यात शिफारस होती. दारू पिऊन गाडी चालवली तर १०० गुण, चुकीच्या जागी उभी केली तर १० गुण. दुचाकीला १०० ते ७५० रुपये आणि मोटारीला ३०० ते १,५०० रुपये असा जादा हप्ता सुचवला होता. सुरुवात दिल्लीपासून करावी असंही म्हटलं होतं. तो अहवाल वर्तमानपत्रांत ठळकपणे आला, मग फॉरवर्ड होत राहिला आणि 'सुचवलं आहे' चं 'लागू झालं आहे' कधी झालं ते कुणाला कळलं नाही. प्रत्यक्षात आज आपल्या नूतनीकरणाच्या नोटिशीत असा भाग नसतो. एखाद्या एजंटने 'तुमचं महाराष्ट्रात चलन आहे म्हणून हप्ता जास्त' असं सांगितलं, तर हप्त्याचं भागवार विवरण मागा.

एक अपवाद लक्षात असू द्या. जुलै २०२२ पासून कंपन्यांना 'जेवढं चालवाल तेवढा हप्ता' आणि 'जसं चालवाल तसा हप्ता' अशा जोड योजना देण्याची परवानगी आहे. तुम्ही स्वतः होऊन अशी योजना घेतली असेल, तर वेग आणि जोरात ब्रेक मारण्याची सवय हप्त्यावर परिणाम करू शकते. पण ती माहिती कंपनी गाडीतल्या उपकरणातून किंवा मोबाईल ॲपमधून घेते, पोलिसांच्या चलनातून नव्हे.

क्लेमला खरा धोका कुठे?

आता लेखाचा मुख्य भाग. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये विमा कंपनीला जबाबदारी नाकारण्यासाठी मोजकीच कारणं दिलेली आहेत. 'चलन थकलं होतं' हे त्यात नाही. वैध लायसन्स नसणं, लायसन्स धारण करण्यास अपात्र ठरवलेलं असणं आणि दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली गाडी चालवणं ही त्यात आहेत. परराज्यातल्या दंडाचा धागा विम्याला जुळतो तो इथे.

लायसन्स देशभर चालतं, तसंच त्यावरचं निलंबनही देशभर चालतं. अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, मद्यपान अशा गुन्ह्यांत कलम २०६ नुसार पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन ते अपात्रतेच्या कारवाईसाठी पाठवू शकतात. त्या वेळी एक पोचपावती मिळते. तिच्यात दिलेल्या तारखेपर्यंतच तिच्यावर गाडी चालवता येते. पुष्कळ लोक ही पावती पाकिटात ठेवून विसरतात, बडोद्याला परततात आणि 'ते तिकडचं प्रकरण' म्हणून गाडी चालवत राहतात. पुढे निलंबनाचा आदेश निघाला आणि त्या मुदतीत अपघात झाला, तर कायद्याच्या नजरेत चालकाकडे लायसन्स नव्हतं. मग ओन डॅमेजचा क्लेम तर जातोच, थर्ड पार्टीचंही संकट उभं राहतं.

ते संकट किती मोठं? दुसऱ्याचा मृत्यू किंवा शारीरिक इजा यासाठी विमा कंपनीच्या जबाबदारीला पॉलिसीत रकमेची मर्यादा नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी खासगी मोटारीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. कमावता तरुण दगावला, तर न्यायाधिकरण त्याचं उत्पन्न आणि अवलंबून असलेली माणसं पाहून भरपाई ठरवतं. ती रक्कम सामान्य निवृत्त माणसाच्या आयुष्यभराच्या ठेवीपेक्षा जास्त असू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात 'आधी कंपनीने पीडिताला द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे' हे तत्त्व स्पष्ट केलं. पीडिताच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण लायसन्स नाही हे ठाऊक असून, किंवा खात्री करून न घेता, ज्या मालकाने गाडी दुसऱ्याच्या हाती दिली, त्याच्या दारात उद्या वसुलीसाठी त्याचीच विमा कंपनी उभी राहते. फ्लॅट, फिक्स्ड डिपॉझिट, सगळं पणाला लागतं. आणि खटला बडोद्यातच चालेल असंही नाही. अपघात जिथे झाला किंवा पीडिताचं कुटुंब जिथे राहतं, तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. नाशिकचा अपघात असेल तर तारखांना नाशिकला जावं लागतं.

म्हणून तीन गोष्टी घरात स्पष्ट बोलून ठेवाव्यात.

पहिली, लायसन्सची मुदत. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि नूतनीकरणाला वैद्यकीय दाखला लागतो. आपल्यातल्या ज्येष्ठांनी आजच ते काढून तारीख पाहावी. मुदत संपलेल्या लायसन्सवर घडलेला अपघात म्हणजे कंपनीला आयतं कारण.

दुसरी, दारू. कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे सीमा ओलांडल्यावर किंवा दमणला गेल्यावर 'इथे चालतं' म्हणणारे असतात. प्यायला चालत असेल, पिऊन चालवायला कुठेच चालत नाही. विम्याला तर मुळीच नाही.

तिसरी, अल्पवयीन नातू. गावी गेल्यावर मोकळा रस्ता पाहून सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती चावी देऊ नये. कलम १९९अ नुसार पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. विम्याचा तर प्रश्नच उरत नाही.

विम्याचा अर्ज भरतानाही एक काळजी घ्यावी. चालकावर अपघाताबद्दल खटला किंवा शिक्षा झाली आहे का, असा प्रश्न अर्जात असतो. एजंट सगळीकडे 'नाही' वर खूण करून मोकळा होतो, सही मात्र तुमची असते. खरं उत्तर द्या. साधं वेगाचं किंवा पार्किंगचं चलन आणि अपघाताचा खटला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे खरं लिहिण्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पीयूसीबद्दलही गैरसमज आहेत. प्रदूषणाचं प्रमाणपत्र नसेल तर दंड जबर आहे, कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत. पण केवळ पीयूसी नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असा खुलासा आयआरडीएआयने ऑगस्ट २०२० मध्ये केला. पीयूसीशिवाय थर्ड पार्टी विमा देऊ नये ही २०१७ च्या आदेशातली अटही सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये काढून टाकली. तरीही पीयूसी काढावीच. स्वस्त आहे आणि आपल्याच हवेसाठी आहे.

दंड न भरण्याने काय अडतं?

विमा अडत नसेल तर चलन राहू द्यावं का? नाही. थकलेली चलनं वाहनाच्या नोंदीला चिकटतात आणि आरटीओचं काम निघालं की समोर येतात. परराज्यात गाडी नेण्यासाठी लागणारं ना-हरकत प्रमाणपत्र आणि मालकीचं हस्तांतर त्यामुळे अडू शकतं. आणि हस्तांतर अडलं की गोष्ट पुन्हा विम्यापाशी येते.

उदाहरण घ्या. बडोद्याची गाडी पुण्यातल्या पुतण्याला विकली. पैसे मिळाले, चावी दिली, पण जुन्या चलनांमुळे कागद रखडले. आरसी बुकात नाव तुमचंच. पुतण्याचे मेमो तुमच्या मोबाईलवर येणार हा किरकोळ त्रास. मोठा त्रास असा, की २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक. गाडी विकल्यानंतर झालेल्या अपघाताची नोटीस विकणाऱ्याच्या घरी येऊ शकते. शिवाय खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. थर्ड पार्टीचा विमा कायद्यानेच गाडीबरोबर जातो, ओन डॅमेजचा मात्र नाव बदलल्याशिवाय नव्या मालकाच्या कामी येत नाही. नो क्लेम बोनस तुमचा, तो गाडीबरोबर देऊ नका. कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं, तर तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो.

तेव्हा नातेवाईक असो वा परका, आधी सगळी चलनं निकाली काढा, मग नाव बदला आणि मगच चावी द्या.

चलन कुठे पाहावं, कुठे भरावं?

केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर ई-चलन विभागात गाडीचा नंबर टाकून पाहता येतं. पण तिथे 'काही नाही' दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं स्वतःचं वेगळं ई-चलन संकेतस्थळ आणि ॲप आहे, तेही पाहावं. प्रकरण न्यायालयात गेलं असेल, तर आभासी न्यायालयाच्या, म्हणजे व्हर्च्युअल कोर्टाच्या, संकेतस्थळावर त्या राज्याचं नाव निवडून शोधावं. बऱ्याच किरकोळ प्रकरणांचा दंड तिथेच घरबसल्या भरता येतो. थकलेली चलनं लोकअदालतीतही निघतात.

रक्कम राज्याराज्यांत वेगळी असते. तडजोडीची रक्कम ठरवण्याचा अधिकार कलम २०० ने राज्यांना दिला आहे. सीटबेल्टचा दंड केंद्रीय कायद्यात १,००० रुपये आहे, गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्ये तो ५०० केला. म्हणून 'बडोद्यात एवढा, तिकडे तेवढा का' हा वाद घालण्यात अर्थ नाही. जिथे गुन्हा, तिथला दर.

चलन चुकीचं वाटलं तर भरण्याआधी फोटो पाहा. नंबर तोच, पण गाडी वेगळ्या रंगाची, असं कधी कधी निघतं. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी असा केंद्रीय नियम १६७अ आहे आणि पुरावा चलनाचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवणं यंत्रणेवर बंधनकारक आहे. त्याच संकेतस्थळावर तक्रारीची सोय असते. एकदा पैसे भरले की गुन्हा मान्य केल्यासारखं होतं, हे ध्यानात ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची फाईल आली आणि तिच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरं असली, तर ती उघडू नका. ती मोबाईलमध्ये शिरून बँकेचे ओटीपी वाचते. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट इन' ने संपतो. संदेशातल्या दुव्यावर बोट न ठेवता पत्ता स्वतः टाइप करावा. पाचशेचा दंड वाचवताना नाही, तर भरताना लोकांचे लाखो रुपये गेलेले आहेत.

निघण्यापूर्वी

पुढच्या प्रवासाआधी दहा मिनिटं काढा. पॉलिसीची शेवटची तारीख पाहा. विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मुदत संपून ९० दिवस उलटले तर साठवलेला बोनसही जातो. जे जे गाडी चालवणार, त्या प्रत्येकाचं लायसन्स हातात घेऊन तारीख वाचा. पॉलिसीवर आणि आरसीवर आपला चालू मोबाईल नंबर आहे का पाहा, नाहीतर चलनाचा संदेश जुन्या नंबरवर जातो आणि आपण अंधारात राहतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा आहे. तिथे मोटारीला सपाटीवर १०० ची मर्यादा आहे, घाटात ती बरीच कमी होते. पाटी पाहून पाय उचलावा.

या विषयावर कुणाला आपली पॉलिसी दाखवून शंका विचारायची असेल, तर मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवावा. येताना पॉलिसीची सगळी पानं आणा. बहुतेक जण फक्त पहिलं पान आणतात आणि शंकेचं उत्तर नेमकं तिसऱ्या पानावर असतं.